गोळी घेणाऱ्यावर गावाची नजर, तोंड आलेल्याकडे मात्र कुणाचंच लक्ष नाही

नाशिक : १ डिसेंबरला दरवर्षी तालुक्या-तालुक्यांत एड्स दिनाची फेरी निघते. शाळा-कॉलेजची पोरं लाल फीत लावतात, शपथ होते, फोटो ग्रुपवर पडतात. एचआयव्ही कशानं होतो आणि कशानं होत नाही हे फलकांवर लिहिलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षं तेच वाचून ते आता लोकांना पाठ झालंय. पण हा आजार माणसाच्या अंगावर आधी कुठं दिसतो, हे त्या फलकांवर फारसं नसतं. अनेकांच्या बाबतीत तो आधी तोंडात आणि कातडीवर दिसतो, म्हणजे सगळ्यांसमोर. तरी तो ओळखला जात नाही, आणि ओळखला तर भलत्याच माणसात ओळखला जातो.

आधी आकडे बघू. देशात २५ लाखांहून जास्त लोक एचआयव्हीसह जगतात. त्यातले सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, जवळपास चार लाख. सरकारने २०२५ पर्यंत गाठायचं ठरवलेलं लक्ष्य ९५-९५-९५ असं होतं. लागण झालेल्या शंभरातल्या ९५ जणांना ती माहीत असावी, त्यातल्या ९५ टक्क्यांना औषध सुरू असावं आणि औषध घेणाऱ्या ९५ टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला असावा. २०२३-२४ मध्ये देशाचा हिशोब ८१-८८-९७ असा आला. शेवटचा आकडा लक्ष्याच्या पुढे गेलाय. म्हणजे ज्याला गोळी मिळते आणि जो ती घेतो, त्याचं बहुतेक वेळा ठीक चाललंय. मागे पडलोय ते पहिल्याच पायरीवर. शंभरातल्या एकोणीस जणांना आपल्याला लागण झालीय हेच ठाऊक नाही.

हे एकोणीस जण कुठं असतात? घरातच असतात. बागेत डिपिंगला असतात, मार्केटला क्रेट उतरवत असतात, मेडिकलच्या काउंटरवर 'तोंड आलंय, काहीतरी द्या' म्हणत उभे असतात. तोंड आलेल्या प्रत्येकाला एचआयव्ही असतो असा याचा अर्थ नाही. तसं कुणी वाचलं तर या लेखानं नुकसानच केलं म्हणायचं. पण वारंवार तोंड येणाऱ्याची तपासणी होतच नाही, ही खरी अडचण आहे.

'उष्णता झालीय' म्हणून काढलेले सहा महिने

आपल्याकडे तोंड आलं की कारण तयार असतं. उष्णता झाली, मसाल्याचं खाल्लं, जागरण झालं. मग तूप लाव, जिऱ्याचं पाणी पी, गुलकंद खा, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घे. बहुतेक वेळा हे बरोबरच असतं. साधं तोंड येणं म्हणजे एक-दोन दुखऱ्या पुळ्या किंवा छोटी जखम. आठवड्या-दीड आठवड्यात ती आपोआप भरते.

वेगळं असतं ते बुरशीचं. जिभेवर, टाळूवर, गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर धरतो. स्वच्छ फडक्यानं पुसला तर निघतो, आणि खाली लालभडक जागा दिसते, कधी थोडं रक्तही येतं. चव जाते, तिखट सोसत नाही. ही बुरशी तशी सगळ्यांच्याच तोंडात थोडीफार असते. अंगातली राखण मजबूत असली की ती गप्प राहते, राखण ढिली पडली की पसरते. राखण ढिली पडण्याची कारणं बरीच आहेत. साखर वाढलेली असते, दम्याचा पंप ओढून तोंड धुतलेलं नसतं, कवळी रात्रभर तोंडात असते, अँटिबायोटिक फार दिवस चाललेलं असतं. तान्ह्या बाळांना तर हे सहज होतं. पण पंचवीस-तीस वर्षांचा धडधाकट माणूस, साखर नाही, कसला पंप नाही, आणि तोंडात पांढरं धरतंय, औषधानं जातंय आणि महिन्याभरात परत येतंय, तर एचआयव्हीची तपासणी व्हायलाच हवी.

हा 'परत येतंय' शब्द महत्त्वाचा आहे. मेडिकलवर मिळणाऱ्या तोंडात लावायच्या औषधानं बुरशी खरंच जाते. माणसाला वाटतं झालं बरं. पुढच्या वेळी तो तेच औषध नाव सांगून आणतो, तिसऱ्या वेळी रिकामी बाटली दाखवून आणतो. असे सहा महिने, वर्ष सहज जातं. आत मात्र सीडी-४ पेशी, म्हणजे रक्तातले राखणदार, कमी होत चाललेले असतात. निरोगी माणसात त्या साधारण पाचशेच्या वर असतात. एचआयव्हीमुळे तोंडात बुरशी धरायला लागते तेव्हा त्या बऱ्याचदा दोनशेच्या आसपास किंवा त्याखाली आलेल्या असतात. मग एक दिवस घास गिळताना छातीत अडकल्यासारखा होतो, दुखतो. बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असते आणि आजार शेवटच्या टप्प्यात पोहोचलेला असतो. खाणं तुटतं, वजन उतरतं, आणि मग सगळे म्हणतात, अचानक कसं झालं.

आपल्या भागात अजून एक घोळ आहे, तंबाखूचा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते हे टपरीवर उभं राहिलं की दिसतं. तंबाखू, गुटखा, मशेरी यांनीही तोंडात पांढरे चट्टे येतात. ते फडक्यानं पुसले जात नाहीत. तंबाखूचा चट्टा हा कॅन्सरच्या वाटेवरचा असू शकतो. म्हणून 'तंबाखूनं झालंय' असं म्हणून सोडून देणं हीसुद्धा चूकच. एचआयव्हीतही न पुसला जाणारा एक पांढरा पट्टा असतो, तो बहुधा जिभेच्या कडेला, उभ्या रेघा मारल्यासारखा, आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. या दोन्हींतला फरक घरी आरशात किंवा मोबाईलवरच्या फोटोत बघून ठरत नाही, तिथं दातांचा डॉक्टर लागतो. पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी दाताबरोबर आख्खं तोंड बघितलं जातं हे गावाकडं बऱ्याच जणांना माहीत नसतं. दात दुखल्याशिवाय तिकडं जायचं नाही असाच आपला रिवाज.

ओठांचे कोपरे सारखे चिरणं, हिरड्या लाल होऊन रक्त येणं, दातांच्या मधली हिरडी सडल्यासारखी होऊन घाण वास येणं, हेही याच यादीतलं. एकेकटं असलं तर साधं कारण असू शकतं. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या, त्यात वजन घटतंय, महिनाभर जुलाब किंवा ताप येतोय, तर मग थांबू नये.

नागीण आणि गेरू

नागीण म्हटली की अजून भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. कंबरेला वेढा पडला, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला, ही समजूत घराघरांत आहे. मग गेरूचा लेप, कुणीतरी मंत्र घालणारा, पेठ-सुरगाण्याकडं भगत. आठ-पंधरा दिवसांत फोड वाळतात, कारण ते तसेही वाळणारच असतात. श्रेय मात्र गेरूला जातं.

नागीण होते ती लहानपणच्या कांजिण्यांच्या विषाणूमुळे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो विषाणू मणक्याजवळच्या नसेच्या मुळाशी झोपून राहतो. अंगातली राखण कमी झाली की उठतो आणि त्या एका नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. म्हणून फोड पट्ट्यासारखे, आणि अंगाच्या एकाच बाजूला. शरीराच्या मधल्या रेषेपाशी तो पट्टा बहुतेक वेळा थांबतो, त्यामुळे तोंड-शेपूट जुळण्याची गोष्ट जवळजवळ कधी घडत नाही. फोड येण्याआधी दोन-तीन दिवस नुसतीच आग होते, कातडीला कपडा लागला तरी सहन होत नाही. असायक्लोव्हिरच्या गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा फायदा जास्त होतो. नेमके हेच तीन दिवस लेपात जातात. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर नजर जाऊ शकते, तिथं एक दिवसही घालवायचा नाही.

पण या बातमीच्या दृष्टीनं मुद्दा दुसराच आहे. साठी-सत्तरीच्या माणसाला नागीण झाली तर त्यात आश्चर्य नाही, वयानं राखण कमी होतेच. तिशी-चाळिशीतल्या माणसाला झाली, किंवा दुसऱ्यांदा झाली, किंवा एकाच्या जागी दोन-तीन पट्टे उठले, खोल व्रण राहिले, तर राखण का कमी झाली हे विचारायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्हीचे जे चार टप्पे ठरवलेत, त्यात नागीण दुसऱ्या टप्प्यात येते. सतत राहणारी तोंडातली बुरशी तिसऱ्यात. अन्ननलिकेत उतरलेली बुरशी चौथ्यात. म्हणजे तरुणपणी आलेली नागीण ही लवकरची सूचना असते. तेव्हा रक्त तपासलं तर माणूस बऱ्याच आधी औषधावर येतो. गेरूनं शरीराला फारसं काही होत नाही हो, पण ही सूचना त्याखाली झाकली जाते. आणि हे फक्त भगताच्या दारी होतं असंही नाही. दवाखान्यातही कधी नागिणीच्या गोळ्या मिळतात, रक्त तपासा म्हणून मात्र कुणी सांगत नाही. सांगायला अवघड जातं. समोरचा ओळखीचा असतो, त्याला काय वाटेल?

फवारणीची खाज आणि दहा रुपयांची ट्यूब

निफाड, दिंडोरी, चांदवडकडं ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांची रांग लागते. गंधकाची धुरळणी, पोंगा, डिपिंग, थिनिंग. अंगाला खाज उठणं यात नवं काहीच नाही. त्यामुळे कुठलीही खाज फवारणीच्या नावावर खपते. फवारणीची खाज बहुधा उघड्या भागावर असते, हात, मान, चेहरा, आणि काम थांबलं की काही दिवसांत बसते. एचआयव्हीतली खाज वेगळी. हात-पायांवर, कधी पाठीवर-चेहऱ्यावर बारीक कडक पुटकुळ्या, डास चावल्यासारख्या, भयंकर खाजणाऱ्या. खाजवून फुटतात आणि काळे डाग ठेवून जातात. तळहात-तळपाय शक्यतो सुटतात. फवारणी थांबली, बाग उतरली, तरी चालूच. सगळं अंग काळ्या ठिपक्यांनी भरतं. लोक म्हणतात रक्त बिघडलं. डॉक्टरी कारण असं मानतात की किडे-डास चावल्यावर शरीर नको तेवढं भडकतं, कारण राखणीचा तोल गेलेला असतो.

याशिवाय भुवया, नाकाच्या कडा, कानामागे तेलकट खवले. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर मोत्यासारखे, मध्ये खळी असलेले दाणे, जे एरवी लहान पोरांना येतात. चामखिळींचं पीक. खरूज, पण अशी की अंगावर जाड पापुद्रे धरतात. गजकर्ण, जे जातच नाही.

गजकर्णावरून त्या ट्यूबचा विषय निघतो. खाज म्हटलं की काउंटरवरून बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि स्टिरॉइड अशी तिन्हीची मिसळ असलेली स्वस्त ट्यूब मिळते. स्टिरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ट्यूब 'एक नंबर' ठरते. पण स्टिरॉइड राखणीला अजून गप्प करतं, गजकर्ण आतून पसरतं, कड हरवते, आणि मग डॉक्टरलाही ते पटकन ओळखू येत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली. चिठ्ठी कोण मागतं ते वाचणाऱ्यांनीच आठवून बघावं. ज्याच्या राखणीला आधीच एचआयव्हीनं पोखरलंय, त्याच्या अंगावर वर्षभर ही ट्यूब चोळली गेली की निदान अजून लांबतं.

गावाच्या डोक्यातला चेहरा जुना झालाय

आता गावाच्या नजरेबद्दल. चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, 'तसला पेशंट' कसा दिसतो हे तो सांगेल. गालफडं बसलेली, हातपाय काड्यांसारखे, नखं काळी. हे चित्र खोटं नव्हतं. सरकारनं १ एप्रिल २००४ पासून देशातल्या निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत औषध सुरू केलं, त्यात मुंबईचं जेजेही होतं. त्या काळच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन होतं. त्यानं जीव वाचले, पण वर्ष-दोन वर्षांत गालांची, हातापायांची चरबी वितळायची. झिडोव्ह्युडिननं नखं काळपट व्हायची, रक्त कमी व्हायचं. नेव्हिरॅपिननं काहींच्या अंगावर पुरळ उठायचं, क्वचित इतकं की कातडी सोलून जीवावर यायचं. म्हणजे गाव ज्याला आजाराची खूण समजत होतं, ती बऱ्याचदा औषधाची खूण होती. त्यामुळे बऱ्याच जणांना औषधच नको झालं. चेहरा बघून लोक ओळखतील ही भीती.

स्टॅव्ह्युडिन केव्हाच बंद झालं. २०१७ पासून धोरण असं आहे की तपासणीत लागण निघाली की सीडी-४ कितीही असो, औषध सुरू. आता बहुतेक मोठ्या माणसांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तिन्ही मिळून एकच गोळी दिवसातून एकदा असते. कातडीवर तिचा त्रास जुन्या गोळ्यांच्या मानानं फारच कमी. नियमित गोळी घेणारा माणूस आज चारचौघांत उठून दिसत नाही. बैल हाकतो, बाग करतो, पोरांची लग्नं करतो.

आणि त्याच्यापासून धोकाही नसतो. २०११ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निकाल आला. पुण्याची 'नारी' संस्था त्यात होती. औषध लवकर सुरू केलेल्या माणसाकडून जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं होतं. नंतरच्या अभ्यासांनी तर हे पक्कं केलं, की रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जातच नाही.

तरी गावाची पाळत असते ती गोळीवाल्यावरच. महिन्याच्या ठराविक दिवशी हा सिव्हिलला का जातो, पिशवीत डबी कसली, रात्री नऊचा गजर कशाला लावतो. ज्याच्याकडून कुणाला काही होणार नाही त्याच्यावर नजर. आणि ज्याला खरंच माहीत नाही, ज्याच्या तोंडात पांढरं धरतंय, ज्याचा विषाणू बेफाम वाढतोय, जो घरी बायकोसोबत राहतोय, त्याला कुणी एक शब्द विचारत नाही. त्याला उष्णता झालेली असते.

पहिल्यांदा कागदावर नाव बाईचं

याचा सगळ्यात वाईट भोग सुनांच्या वाट्याला येतो. गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी नियमानं होते, ते चांगलंच आहे. आईला वेळेत औषध मिळालं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणता येतं. औषध नसेल तर ते पंधरापासून पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असू शकतं. पण घरात रक्त फक्त तिचंच तपासलं गेलेलं असतं. म्हणून पहिला रिपोर्ट तिचा निघतो आणि लगेच ठरतं, 'हिनंच आणलं'. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी नागीण झाली होती, तोंड सारखं येत होतं, हे कुणालाच आठवत नाही. आठवलं तरी जोडत नाही. नवऱ्याची त्याच वेळी तपासणी झाली असती तर तिला लागणच झाली नसती, असंही असू शकतं. उलटही असू शकतं. कुणाकडून कुणाला हे रिपोर्ट सांगत नाही. जो आधी तपासला तो आधी सापडला, रिपोर्टचा अर्थ एवढाच.

लहान मुलांतही हेच. सहा महिने-वर्षाच्या पुढच्या मुलाच्या तोंडात बुरशी हटत नाही, गालाखाली कानाजवळ गाठी राहतात, अंगावर दाणे, वजन वाढत नाही, तर आईबापांसह तपासणी.

औषध सुरू झाल्यावर पुन्हा उठलं तर

एक गोष्ट औषध नवीन सुरू केलेल्यांनी माहीत ठेवायला हवी, कारण इथं बरेच जण फसतात. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कातडीचा त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. नागीण उठते, पुटकुळ्या भडकतात. माणूस म्हणतो गोळी मानवत नाही, आणि बंद करतो. होतं असं की झोपलेली राखण जागी होते आणि अंगात दडलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडते. ते दाखवायचं, उपचार घ्यायचे, गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही.

पण यात एक मोठा अपवाद आहे. पुरळाबरोबर ताप, तोंड-डोळे लाल होऊन सोलल्यासारखे, अंगावर पाण्याचे फोड, कातडी निघतेय, तर ती औषधाची गंभीर रिॲक्शन असू शकते. राखण फार कमी असलेल्यांना सुरुवातीला कोट्रायमॉक्साझोल देतात, त्यानंही काहींना हे होतं. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीनं, सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन मोठं रुग्णालय गाठायचं.

तपासणी फुकट, पण दार ओळखीचं

तपासणी फुकट आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत आयसीटीसी म्हणजे सल्ला व चाचणी केंद्र असतं, अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोटाच्या थेंबावर पहिली चाचणी होते. पहिली चाचणी लागणीची निघाली तर लगेच शिक्का बसत नाही, वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्या जुळल्यावरच निदान पक्कं होतं. नुकताच धोका झाला असेल तर तीन महिन्यांपर्यंत चाचणीत लागण दिसायची राहू शकते, तेव्हा परत करावी लागते. पण एचआयव्हीमुळे तोंडात बुरशी धरण्याइतकी राखण खाली आली असेल तर लागण बरीच जुनी असते, ती चाचणीत लपत नाही. सोबत साखरही तपासून घ्यावी. दोन्हींपैकी एक कारण सापडलं तरी फायदाच.

मग लोक का जात नाहीत? कारण तालुक्याच्या दवाखान्यात ती खोली सगळ्यांना माहीत असते. बाकड्यावर बसलं की गावात बातमी आधी पोहोचते, रिपोर्ट नंतर. यावर काही जणांनी काढलेला उपाय म्हणजे दुसऱ्या तालुक्यात जाऊन तपासणं. त्यात गैर काही नाही, चाचणी कुठंही करता येते, गावाचा पत्ता आड येत नाही.

मदतीच्या योजनांचीही तीच गत. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही बाधितांचा समावेश आहे, दरमहा १५०० रुपये मिळतात. एसटीच्या सवलतींच्या यादीतही ते आहेत. सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर, मजुरी बुडवून जायचं, तर ही सवलत लहान नाही. पण अर्ज म्हटला की तलाठी, तहसील, समिती, एवढ्या हातांतून कागद जाणार. एसटीत कंडक्टरला कार्ड दाखवायचं, मागच्या सीटवर पाहुणे बसलेले. हक्क मिळवायचा तर आजार उघडा करायचा, अशी ही व्यवस्था झालीय. तिकीट काढून जाणारे आणि अर्जच न करणारे म्हणूनच असतात. योजना आखणाऱ्यांनी कधी सुरगाणा-नाशिक गाडीत बसून बघायला हरकत नाही.

कायदा मात्र बाधितांच्या बाजूनं आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. नोकरी, शाळा, घरभाडं, उपचार यांत भेदभाव करता येत नाही. म्हणजे दात काढायला गेलेल्याला 'तुमचं इथं होणार नाही' म्हणता येत नाही. दवाखान्यानं प्रत्येक पेशंटला सारखीच काळजी घ्यायची असते, हत्यारं प्रत्येकासाठी निर्जंतुक करायची असतात. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. कोर्टाच्या कामकाजात कळलेला कुणाचा आजार बेकायदा उघड केला तर एक लाखापर्यंत दंड. गावच्या ग्रुपवर कुणाच्या अंगावरच्या पुरळाचा फोटो टाकून 'हे बघा, लक्षणं तीच' असं लिहिणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. हा लेखसुद्धा शेजाऱ्याची जीभ तपासण्यासाठी वापरायचा नाही. आपली तपासावी, आपल्या घरातली तपासावी.

शिवणं, एका ताटात जेवणं, एकाच माठातलं पाणी, मिठी, डास यांनी एचआयव्ही होत नाही, कातडीवरच्या या पुरळांनीही नाही. खरूज आणि गजकर्ण हे मात्र स्वतः लागट आहेत, मग ते कुणाचेही असोत. त्यासाठी टॉवेल-कपडे वेगळे ठेवावे लागतात, माणूस वेगळा ठेवावा लागत नाही.

सध्या सुरगाणा-पेठकडची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीत उतरलेली आहेत. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांवर बाहेरच्या जिल्ह्यांतले, बाहेरच्या राज्यांतले मजूर येतायत. हे लोक धोक्याचे असं मुळीच नाही. घरापासून लांब असलेल्या माणसाला तोंड आलं तर तो फक्त मेडिकलपर्यंतच पोहोचतो, दवाखाना गावी गेल्यावर बघू म्हणतो, आणि हंगाम संपेपर्यंत चार-पाच महिने जातात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. कामाच्या तालुक्यातल्या सरकारी केंद्रातही तपासणी होते. आणि औषध नाशिकच्या सिव्हिलमधल्या एआरटी केंद्रात सुरू झालं तरी पुढं गावाजवळच्या किंवा दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात बदलून घेता येतं, तसं तिथं सांगायचं. नाव न सांगता काही विचारायचं असेल तर १०९७ हा फुकट नंबर आहे.